फायबर बंद पडली तरी राऊटर ४जीवर जात नाही (मायक्रोटिक, दोन लाइन)

कृष्णाकाठ_आयटी

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका सीए ऑफिसचं नेटवर्क आहे. १४ कम्प्युटर, टॅलीचा सर्व्हर ऑफिसातच, क्लाउड टेलिफोनचे ३ आयपी फोन आणि ८ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. राऊटर मायक्रोटिक हेक्स (आरबी७५०जीआर३), राऊटरओएस व्हर्जन ७.

ईथर१ ला फायबरचा ओएनटी (ऑपरेटरचा फायबर मोडेम) ब्रिज मोडमध्ये आहे, पीपीपीओई (ऑपरेटरकडचं लॉगिन) मायक्रोटिकच डायल करतो. ईथर२ ला सिमवाला ४जी राऊटर, त्याचा आयपी १९२.१६८.८.१. दोन डिफॉल्ट रूट (इंटरनेटकडे जायचे मुख्य रस्ते) टाकलेत: फायबरला डिस्टन्स १, ४जीला डिस्टन्स २ (लहान आकडा आधी).

ओएनटीची पॅचकॉर्ड उपसली की थोड्या वेळात सगळं ४जीवर जातं. पण लाइन खरोखर जाते तेव्हा बहुतेक वेळा ऑपरेटरच्या पुढे कुठेतरी तुटलेलं असतं. पीपीपीओई कनेक्टेडच दिसतं, आयपीही असतो, आणि एकही साइट उघडत नाही. मग कुणीतरी विनबॉक्समध्ये (मायक्रोटिकच्या सेटिंगचं सॉफ्टवेअर) जाऊन हाताने रूट बंद करायचा. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या धांदलीत हे परवडत नाही. फायबरच्या रूटला 'चेक गेटवे: पिंग' लावून पाहिलं, काही फरक नाही.

आणखी एक. ४जीचं पॅक रोज २ जीबीचं आहे. लाइन गेली की डीव्हीआरने ते फस्त करू नये, यासाठी काय करायचं?

---

दोरीवरचा_डांबर

चेक गेटवे त्याचं काम बरोबर करतोय. तो फक्त पुढच्या टप्प्याला पिंग करतो, म्हणजे 'आहेस का?' विचारतो. पीपीपीओईत पुढचा टप्पा म्हणजे ऑपरेटरचं स्वतःचं यंत्र, आणि ते तर चालूच आहे. तुटलंय त्याच्या पलीकडे. ४जी राऊटरचंही तेच: सिमचा डेटा संपला तरी १९२.१६८.८.१ पिंगला उत्तर देतच राहणार. तेव्हा इंटरनेटवरचा एखादा लांबचा पत्ता गेटवे म्हणून द्यायचा आणि त्याला पिंग करायला लावायचं. याला रिकर्सिव्ह रूट म्हणतात.

आधी साफसफाई. पीपीपीओई क्लायंटच्या 'डायल आउट' टॅबमध्ये 'अॅड डिफॉल्ट रूट' आणि 'यूज पीअर डीएनएस' दोन्ही काढा. ईथर२ 'ब्रिज → पोर्ट्स' मधून बाहेर काढा आणि त्याला १९२.१६८.८.२/२४ हा पत्ता हाताने द्या. डीएचसीपी क्लायंट (पत्ता आपोआप घेणारा) नको, नाहीतर तो स्वतःचा डिफॉल्ट रूट घुसवतो. ४जी राऊटरच्या डीएचसीपी रेंजमधून .२ वगळायला विसरू नका.

मग 'इंटरफेसेस → इंटरफेस लिस्ट' मध्ये वॅन (बाहेरच्या लाइन) लिस्टला पीपीपीओई-आउट१ आणि ईथर२ दोन्ही आहेत ना, ते बघा. मायक्रोटिकचं मूळ फायरवॉल आणि मास्करेड (आतल्या पत्त्यांऐवजी बाहेरच्या लाइनचा पत्ता लावणारं नॅट) या लिस्टवरच चालतं. ईथर२ तिथे नसेल तर रूट बदलतो पण नॅट होत नाही. राऊटरवरून पिंग जातं, कम्प्युटरवरून काहीच नाही, आणि माणूस तासभर रूट तपासत बसतो.

आता 'आयपी → रूट्स'. जुने डिफॉल्ट रूट काढून हे चार टाका (/३२ म्हणजे फक्त त्या एका पत्त्याचा रूट, ०.०.०.०/० म्हणजे डिफॉल्ट):

– ८.८.८.८/३२, गेटवे पीपीपीओई-आउट१, स्कोप १०
– १.१.१.१/३२, गेटवे १९२.१६८.८.१, स्कोप १०
– ०.०.०.०/०, गेटवे ८.८.८.८, डिस्टन्स १, टार्गेट स्कोप ११, चेक गेटवे पिंग
– ०.०.०.०/०, गेटवे १.१.१.१, डिस्टन्स २, टार्गेट स्कोप ११, चेक गेटवे पिंग

टार्गेट स्कोपच्या ११ कडे नीट लक्ष द्या. नेटवरच्या बहुतेक मार्गदर्शिका व्हर्जन ६ च्या काळातल्या आहेत, त्यात १० वरच भागतं. व्हर्जन ७ मध्ये १० ठेवलात तर रूट अॅक्टिव्ह होत नाही, आणि पहिल्या दोन ओळी हिरव्यागार दिसत असल्यामुळे चूक पटकन सापडत नाही.

पिंग दर १० सेकंदांनी जातो, लागोपाठ दोन चुकले की गेटवे मेला असं धरतात. म्हणजे साधारण २० सेकंदांत ४जीवर. यापेक्षा घाई करू नका.

डीव्हीआरसाठी 'फायरवॉल → फिल्टर' मध्ये फॉरवर्ड चेनच्या अगदी वर एक नियम: सोर्स डीव्हीआरचा आयपी, आउट इंटरफेस ईथर२, अॅक्शन ड्रॉप. डीव्हीआरचा आयपी लीजमध्ये 'मेक स्टॅटिक' करून घ्या, नाहीतर नियम भलत्याच कम्प्युटरला लागेल. हिशेब सोपा आहे: एका कॅमेऱ्याचा २ एमबीपीएसचा स्ट्रीम तासाला सुमारे ९०० एमबी खातो. कुणी मोबाइलवर चार कॅमेरे उघडून बसलं तर तुमचं दिवसाचं पॅक पाऊण तासही पुरत नाही.

---

नॅटखट

वरचं सगळं बरोबर, फक्त पिंगसाठी निवडलेले पत्ते बदला. ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे लोक डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून वापरतात, आणि तिथेच गाडी अडते. ८.८.८.८/३२ चा रूट पीपीपीओईला खिळलेला आहे. लाइन पुढे तुटली की डिफॉल्ट रूट ४जीवर जाईल, पण ८.८.८.८ ला जाणारं सगळं तरीही मेलेल्या फायबरवरच जाणार, कारण /३२ चा रूट डिफॉल्टपेक्षा नेमका असतो. कम्प्युटरला किंवा राऊटरला डीएनएस ८.८.८.८ दिलेला असेल तर इंटरनेट चालू असूनही एकही नाव उघडत नाही. लोक म्हणतात "फेलओव्हर झालाच नाही". झालेला असतो, फक्त डीएनएस अडकलेला असतो.

म्हणून पिंगचे पत्ते वेगळे आणि डीएनएसचे वेगळे. पिंगला फायबरकडून २०८.६७.२२०.२२० आणि ४जीकडून १.०.०.१ घ्या. डीएनएस म्हणून राऊटरमध्ये ८.८.८.८, ९.९.९.९ आणि १.१.१.१ लिहा, आणि कम्प्युटरना डीएचसीपीमधून फक्त राऊटरचाच पत्ता द्या. ८.८.४.४ सुद्धा पिंगला घेऊ नका. काही टीव्ही आणि कास्टिंगची उपकरणं गूगलचे दोन्ही पत्ते आतच कोरून आलेली असतात, डीएचसीपी काय सांगतं ते विचारत नाहीत.

दुसरं, एकाच पत्त्यावर विसंबू नका. तो सर्व्हर आपल्या मालकीचा नाही. त्यांनी पिंग कमी केले किंवा त्यांच्याकडे काही बिघडलं तर तुमची धडधाकट फायबर सोडून राऊटर ४जीवर जाईल. फायबरला दोन पत्ते द्या: २०८.६७.२२०.२२० डिस्टन्स १, १४९.११२.११२.११२ डिस्टन्स २. दोन्ही /३२ चे रूट पीपीपीओईकडे. ४जीचा डिस्टन्स ३. दोन्ही पत्ते गप्प झाले तरच ४जीवर जायचं.

आणि हो, फायबरवर आयपीव्ही६ चालू असेल तर या सगळ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते स्वतंत्र रूटिंग आहे. लाइन तुटल्यावर कम्प्युटर आधी आयपीव्ही६ वर प्रयत्न करत अडखळतात. लहान ऑफिसात लॅनवर ते बंद ठेवणं सोपं.

---

कृष्णाकाठ_आयटी

दोघांचेही आभार. नॅटखट यांच्या पत्त्यांनी लावलं. ऑपरेटरच्या पुढे तुटल्यावरही आता साधारण २० सेकंदांत ४जी पकडतं, परत फायबर आली की परत येतं. कम्प्युटरचं काही म्हणणं नाही.

पण आयपी फोन अडकतात. ४जीवर गेल्यावर तिन्ही फोन 'अनरजिस्टर्ड', आणि फायबर परत आल्यावरही तेच. फोन रीस्टार्ट केला तरी कधी लागतो, कधी नाही. राऊटर रीबूट केला की लगेच लागतात. पॅचकॉर्ड उपसून चाचणी केली तेव्हा मात्र फोन आपोआप लागले होते. हा फरक का?

---

दोरीवरचा_डांबर

फरक बरोबर पकडलात, उत्तर त्यातच आहे.

पॅचकॉर्ड उपसली की पीपीपीओई इंटरफेस खाली जातो, आणि मास्करेड त्या इंटरफेसच्या सगळ्या जुन्या कनेक्शन नोंदी पुसून टाकतो. पाटी कोरी, फोन नव्याने रजिस्टर होतो. लाइन पुढे तुटते तेव्हा इंटरफेस वरच असतो, त्यामुळे नोंदी तशाच राहतात. 'फायरवॉल → कनेक्शन्स' मध्ये फोनची ओळ उघडून बघा: रिप्लाय डेस्टिनेशनमध्ये अजून फायबरचाच आयपी दिसेल. पॅकेट ४जीवरून बाहेर पडतंय, पण त्यावर पत्ता फायबरचा. पलीकडून ते फेकून दिलं जातं.

टीसीपीवाले, म्हणजे ब्राउझर वगैरे, थोडं थांबून नवं कनेक्शन उघडतात, म्हणून कम्प्युटरची तक्रार नाही. सिप फोन (तुमचे आयपी फोन) यूडीपीवर, म्हणजे आधी जोडणी न बांधता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीवर असतो आणि नॅट उघडं ठेवायला २०-३० सेकंदांनी काहीतरी पाठवत राहतो. यूडीपी स्ट्रीमची नोंद ३ मिनिटं शांतता मिळाली तर मरते. ती शांतता फोन कधी देतच नाही. रीस्टार्टला तो ३ मिनिटांच्या आत परत येतो आणि बहुधा तोच पोर्ट धरतो, म्हणून कधी लागतो, कधी नाही.

उपाय नेटवॉचमध्ये, म्हणजे एखाद्या पत्त्याला पिंग करत राहून उत्तर बंद-चालू झालं की स्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनात. 'टूल्स → नेटवॉच', होस्ट २०८.६७.२२०.२२०, टाइप सिंपल, इंटरव्हल १० सेकंद. अप आणि डाउन दोन्ही स्क्रिप्टमध्ये तेच काम: ३० सेकंद थांबायचं, मग कनेक्शन्समधून डेस्टिनेशनला ५०६० पोर्ट असलेल्या नोंदी शोधून काढून टाकायच्या. तुमच्या टेलिफोन कंपनीचा पोर्ट ५०६० नसला तर जो आहे तो घाला. ३० सेकंद यासाठी की नेटवॉचला कळतं तेव्हा रूट बदललेला असेलच असं नाही. आधी पुसलं तर फोन पुन्हा जुन्याच लाइनवर नोंद करून बसेल.

यातला एक खड्डा. पीपीपीओई पूर्ण तुटलं तर २०८.६७.२२०.२२०/३२ चा रूटही निष्क्रिय होतो. मग नेटवॉचचा पिंग निमूट ४जीवरून जातो, उत्तर आणतो, आणि नेटवॉच म्हणतो सगळं आलबेल. म्हणून त्याच पत्त्याचा आणखी एक /३२ रूट टाका, ब्लॅकहोल (पॅकेट गिळून टाकणारा), डिस्टन्स २०. बाकीच्या पिंगच्या पत्त्यांनाही तेच करा, म्हणजे कुठलाही पत्ता दुसऱ्याच्या लाइनवरून डोकावणार नाही. ब्लॅकहोलचा स्कोप आहे तो ३० च राहू द्या.

जाता जाता 'फायरवॉल → सर्व्हिस पोर्ट्स' मधला सिप बंद करा. क्लाउड टेलिफोनला त्याची गरज नसते, आणि आवाज एकाच बाजूने येण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

---

खिडकीतला_अँटेना

मला वाटतं, परत फायबरवर आपोआप येणं नेहमीच चांगलं नाही. लाइन पूर्ण तुटत नाही, लुळी पडते: ३० टक्के पॅकेट गळतात. दोन पिंग चुकले की ४जी, एक लागला की परत फायबर, पुन्हा ४जी. दर वेळी बाहेरचा आयपी बदलतो, आणि बँकेची साइट किंवा जीएसटी पोर्टलचं सेशन मध्येच गळतं. अर्धवट भरलेलं रिटर्न पुन्हा उघडायचं. अशा दिवशी दोन मिनिटं पूर्ण बंद असलेली लाइन परवडते.

गळती मोजायची तर नेटवॉचचा टाइप आयसीएमपी घ्या. एका वेळी १० पॅकेट, थ्रेशोल्ड लॉस २० टक्के, इंटरव्हल ३० सेकंद. डाउन स्क्रिप्टने फायबरचे डिफॉल्ट रूट डिसेबल करायचे. शोधायला सोपं जावं म्हणून त्यांना आधी एकच कमेंट देऊन ठेवा. अप स्क्रिप्टने ५ मिनिटं थांबून, पुन्हा एकदा पिंग तपासून मगच चालू करायचे. आयसीएमपी टाइपमध्ये सरासरी वेळेची मर्यादा मुळात १०० मिलिसेकंद असते. फायबरला ठीक आहे, पण हेच ४जीच्या लाइनवर लावलंत तर गर्दीच्या वेळी ती उगाचच मेलेली दिसेल. तिथे ४०० करा.

---

नॅटखट

अँटेना, मुद्दा मान्य. पण ५ मिनिटांची स्क्रिप्ट आणि रिकर्सिव्ह चेक दोन्ही एकदम लावाल तर कोणी रूट बंद केला हे शोधायला लॉग चाळावा लागेल. सीए ऑफिसला मी म्हणेन, रिकर्सिव्ह तेवढं ठेवा, आणि लाइन लुळी पडलेल्या दिवशी फायबरचे दोन डिफॉल्ट रूट हाताने डिसेबल करा. संध्याकाळी चालू करायचे.

---

पाटील_नेटवर्क्स

हेक्स नसलेल्यांसाठी थोडं, कारण हा प्रश्न शोधत बरेच जण इथे येतील.

टीपी-लिंक ईआर६०५ वर हेच काम दोन पानांत होतं, पण आधी ऑनलाइन डिटेक्शन बघा. 'ऑटो' मध्ये तो त्या वॅनच्याच डीएनएस सर्व्हरला नाव विचारून ठरवतो. ऑपरेटरचा डीएनएस त्याच्याच खोलीत असेल आणि एखादं उत्तर साठवलेलं असेल, तर बाहेर तुटलेलं कळणार नाही, म्हणजे तीच रडकथा. 'मॅन्युअल' करून पिंग आणि डीएनएस दोन्हीला बाहेरचे पत्ते द्या. 'ऑलवेज ऑनलाइन' चुकूनही नको. मग लोड बॅलन्सिंग बंद करून लिंक बॅकअप लावा. दोन्ही लाइनवर वाटणी चालू राहिली तर ४जीचं पॅक दुपारपर्यंत संपतं, आणि बँकेच्या साइट दर थोड्या वेळाने बाहेर काढतात.

ओपनडब्ल्यूआरटीवर (राऊटरवर चढवायची मुक्त प्रणाली) एमवॅन३ हे पॅकेज. तिथली हमखास चूक म्हणजे दोन्ही वॅनला वेगवेगळा मेट्रिक न देणं. फायबरला १०, ४जीला २० द्या. मेट्रिक सारखा राहिला तर एकच डिफॉल्ट रूट टिकतो आणि दुसऱ्या लाइनची तपासणीच होत नाही. प्रत्येक वॅनला दोन-तीन ट्रॅक आयपी, रिलायबिलिटी १, इंटरव्हल ५ सेकंद, डाउन ३, अप ५. वर फोनचं जे दुखणं आलं त्यासाठी फ्लश कॉनट्रॅक (जुन्या कनेक्शन नोंदी पुसणारा) नावाचा पर्याय तयारच आहे, स्क्रिप्ट लिहायला नको.

---

कृष्णाकाठ_आयटी

ब्लॅकहोल आणि नेटवॉच लावलं, फोन आता दोन्ही वेळा आपोआप लागतात. दोन शंका राहिल्या. ऑपरेटरच्या पुढे लाइन तुटलीय, याची चाचणी आपण मुद्दाम कशी करायची? आणि घरून ऑफिसच्या टॅलीला जोडणारे दोघे ४जी चालू असताना जोडू शकत नाहीत.

---

दोरीवरचा_डांबर

चाचणी सोपी आहे. फायरवॉल फिल्टरमध्ये आउटपुट चेनला दोन ड्रॉप नियम: प्रोटोकॉल आयसीएमपी, डेस्टिनेशन फायबरचे ते दोन पत्ते. एरवी डिसेबल ठेवायचे. एनेबल केले की राऊटरच्या लेखी फायबर पुढे तुटली, पीपीपीओई मात्र तसंच. फोनवर कॉल लावून ठेवा आणि बघा. तो कॉल तुटणारच, पण मिनिटभरात फोन पुन्हा रजिस्टर झाला पाहिजे.

टॅलीचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. ४जीवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, शेकडो ग्राहक एकाच्या आड असतात. बाहेरून आत यायला दारच नाही, मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा. जोडणी ऑफिसकडून बाहेर निघाली पाहिजे. सार्वजनिक आयपी असलेला एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, हेक्सवरून त्याला वायरगार्ड (व्हीपीएन) जोडा, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद. घरचे दोघेही त्याच सर्व्हरला जोडतील. वायरगार्डही यूडीपीच आहे. राऊटरमधूनच निघत असलं तरी मास्करेडची नोंद त्यालाही चिकटते, तेव्हा नेटवॉचच्या स्क्रिप्टमध्ये त्याचा पोर्टही घाला. आणि टॅलीचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा असेल तर तो आजच बंद करा, ४जी असो वा नसो.

---

खिडकीतला_अँटेना

वीज कुणी काढलीच नाही. वीज गेल्यावर कम्प्युटर यूपीएसवर आणि ओएनटी भिंतीतल्या साध्या प्लगवर, हे दृश्य नेहमीचं. आरबी७५०जीआर३ ला ८ ते ३० व्होल्ट डीसी चालतं, त्यामुळे सोबतचा २४ व्होल्टचा अडॅप्टर बाजूला ठेवून तो १२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर सहज बसतो. ओएनटी आणि ४जी राऊटर बहुधा १२ व्होल्टचेच असतात, पण पिनचा आकार आणि अँपिअर लेबलवर वाचून घ्या. तिन्हींची बेरीज मिनी यूपीएसच्या आउटपुटपेक्षा जास्त झाली तर वीज जाताना हेक्स रीबूट होतो, आणि फेलओव्हरच्या नावाने बोटं मोडली जातात.

सिमचं पॅक संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण कुणाच्या तरी मोबाइलवर लावा. बॅकअप लाइन ऐन वेळी न चालण्याचं सगळ्यात मोठं कारण रिचार्ज हेच. १.०.०.१ वर दुसरा नेटवॉच ठेवा, म्हणजे ४जी मेलेलं गरज पडण्याआधी कळेल. त्या पिंगला दिवसाला जेमतेम एक-दोन एमबी जातात.

आणि ४जी राऊटर सर्व्हरच्या लोखंडी कपाटात असेल तर बाहेर काढा. त्याच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) बघा: -९० च्या आसपास उत्तम, -११० च्या खाली गेलं तर फोनवर आवाज तुटणारच. टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा आणि तिथून हेक्सपर्यंत कॅट६ केबल ओढा. यूएसबी एक्स्टेन्शनवर डोंगल लोंबकळत ठेवू नका.